चोवीस इंच, बारा रंग आणि तीन काळपट फोटो

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई गेली अकरा वर्षं हौसेने फोटोग्राफी करतात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. हार्ड डिस्कवर हजारो फोटो पडून आहेत. एडिटिंग रात्री, घरातले सगळे झोपल्यावर. मागे त्यांनी लॅबमधून तीन मोठे फोटो करून घेतले, तिन्ही काळपट आले. 'तुमची फाइलच तशी आहे' म्हणत लॅबवाल्याने हात वर केले. तेव्हापासून ताईंनी ठरवलंय की आता स्वतःचा मोठा प्रिंटर घ्यायचा. आधी घरच्या भिंतींसाठी दहा फोटो, मग 'महिन्याला एखाद-दुसरा'. एक तळ्याचा लांबलचक पॅनोरमाही आहे, तो त्यांना हॉलमध्ये लावायचाय. एका बंद होणाऱ्या ऑफिसातला २४ इंची प्रिंटर, म्हणजे २४ इंच रुंद कागद घेणारा, स्टँडसकट मिळतोय. नवे १७ आणि १३ इंची प्रिंटरही बघून ठेवलेत. 'घ्यायचाच तर एकदाच मोठा घ्यावा, आणि जितके जास्त रंग तितका चांगला,' असं त्यांना वाटतं. यजमान म्हणतात, व्यायामाच्या सायकलचं झालं तेच याचं होणार. 'आमच्यात बरोबर कोण, ते सांगा,' असं म्हणून पत्र संपतं.

ताई,

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. व्यायामाची सायकल वापरली नाही तर ती नुसती धूळ खाते. फडकं मारलं की पुन्हा चालू. फोटो प्रिंटर वापरला नाही तर तो शाई खातो. तुम्ही एकही फोटो छापला नाहीत तरी खातो. म्हणजे यजमानांना वाटतंय त्याहून प्रकरण जरा जास्तच गंभीर आहे. तरीही त्यांचा निकाल मला मान्य नाही, आणि तुमचाही नाही. तुम्ही दोघं प्रिंटरवरून भांडताय आणि पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखे ते तीन काळपट फोटो येत होते. गाडी तिथे अडली आहे.

तुम्ही एडिटिंग रात्री करता. अंधाऱ्या खोलीत, लख्ख मॉनिटरसमोर. नवा मॉनिटर खोक्यातून काढून जोडला की बहुतेक वेळा त्याचा उजेड दर चौरस मीटरला २५० कँडेलाच्या (कँडेला म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर असतो. छापण्यासाठी फोटो तयार करताना तो ८० ते १२०च्या दरम्यान असावा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मॉनिटर स्वतः प्रकाश फेकतो. कागद बिचारा समोरून आलेला उजेडच काय तो परत देतो. दुपटी-तिपटीने लख्ख पडद्यावर सावलीतली पानंसुद्धा मोजता येतात. मग आपण फोटो उजळवत तर नाहीच, उलट आकाश फार पांढरं दिसतंय म्हणून एक्स्पोजर आणखी थोडं खाली ओढतो. फाइल खरोखर काळपट होते आणि पडदा ते आपल्याला कळू देत नाही. लॅबवाल्याने तुम्हाला हे चार शब्दांत समजावून सांगायला हवं होतं, तो त्याचा दोष. पण तो खोटं बोलत नव्हता, असा माझा दाट संशय आहे.

खात्री करून घेणं सोपं आहे. दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळच्या उजेडात कोरा पांढरा कागद मॉनिटरशेजारी उभा धरा. पडद्यावरही कोरं पांढरं पान उघडा. आता दोन्ही पांढरे साधारण सारखे दिसेपर्यंत मॉनिटरचा ब्राइटनेस खाली आणा. बराच खाली आणावा लागेल, आणि पहिली दोन मिनिटं मॉनिटर बिघडलाय की काय असं वाटेल. डोळे सरावू द्या. मग ते तीन फोटो उघडा. पडद्यावरही ते लॅबमधून आले तसेच काळपट दिसले, तर भांडण मिटलं. ही झाली कामचलाऊ पद्धत. नीट करायचं तर कलरीमीटर नावाचं मुठीत मावणारं यंत्र मिळतं. ते मॉनिटरवर लटकवायचं आणि त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर उजेड आणि रंग मोजून मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे तो कुठला रंग कसा दाखवतो याची नोंद असलेली फाइल, बनवून देतं. फोटो छापण्याच्या हौसेतली पहिली खरेदी कोणती, असं कुणी विचारलं तर मी प्रिंटरच्या आधी या यंत्राचं नाव घेतो.

तुमची तक्रार काळपटपणाची होती, फिकेपणाची नव्हती. तरी हेही सांगून ठेवतो. अॅडोबी आरजीबी आणि एसआरजीबी या फाइलमध्ये रंग नोंदवायच्या दोन पद्धती. फाइल अॅडोबी आरजीबीत सेव्ह केलेली आणि लॅबची सगळी व्यवस्था एसआरजीबीची असली तर रंग मेल्यासारखे येतात. पाठवण्याआधी विचारून घ्यायचं.

हे काहीच न तपासता तुम्ही तो २४ इंची प्रिंटर घरी आणला असता, तर पहिल्या रात्रीचा पहिला फोटो तितकाच काळपट आला असता. फक्त तो जास्त मोठा असता, शाई तुमची असती, आणि हात वर करायला समोर लॅबवालाही नसता.

आता शाई खाण्याबद्दल. इंकजेटच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई टाकणाऱ्या भागात, केसाहूनही बारीक अशी शेकडो-हजारो नोझल, म्हणजे छिद्रं, असतात. त्यांतून शाईचे थेंब फेकण्याच्या मुख्य पद्धती दोन. एप्सनच्या फोटो प्रिंटरांत पिएझो स्फटिक असतो. वीज मिळाली की तो किंचित वाकतो आणि थेंब ढकलतो. कॅनॉन आणि एचपीच्या प्रिंटरांत एक इवलासा हीटर शाई उकळवतो आणि तयार झालेला बुडबुडा थेंबाला बाहेर फेकतो. कॅनॉनवाल्यांना ही कल्पना १९७७ साली प्रयोगशाळेतल्या एका अपघातातून सुचली. गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. दोन्ही पद्धतींत फोटो उत्तम येतात, त्यावरून तट पाडण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो हेड गेल्यावर. कॅनॉनच्या १७ इंची प्रो-१०००सारख्या मशीनचं हेड घरच्या घरी बदलता येतं. एप्सनचं बदलायला सर्व्हिसवाल्याला बोलवावं लागतं. शत्रू मात्र दोघांचा एकच, तो म्हणजे वाळलेली शाई.

माझी गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव राहू द्या. माझ्या पहिल्या १३ इंची प्रिंटरला दहा आठवडे हात लावला नव्हता. वर शहाणपणा असा की जाताना भिंतीवरचं बटण बंद करून गेलो होतो. परत आल्यावर नोझल चेक काढला. नोझल चेक म्हणजे प्रत्येक रंगाच्या बारीक तुटक रेघांचा जिना. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी दिसल्या की हेड ठीक. माझ्या जिन्यात मॅजेंटाच्या जवळपास निम्म्या पायऱ्या गायब होत्या आणि फिक्या करड्याचा तर जिनाच नव्हता. क्लीनिंग लावलं. क्लीनिंगमध्ये प्रिंटर हेडमधून शाई ओढून काढतो आणि टाकाऊ शाईच्या टाकीत ओततो. तुंबलेत दोन रंग, पण ओढली जाते सगळ्यांचीच. चार क्लीनिंगनंतर जिना पूर्ण झाला, तोवर तीन कार्ट्रिज रिकामी दाखवू लागली होती. त्या महिन्यात मी छापलेल्या फोटोंची संख्या शून्य. तेव्हापासून दोन नियम पाळतो. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, म्हणजे हेड जागेवर जाऊन टोपीखाली झाकलं जातं. वीज अचानक तोडली तर ते वाटेत उघडंच राहू शकतं. दुसरं, काही नाही तरी आठवड्याला एक रंगीत फोटो छापायचा, छोटा का होईना. कोरड्या हवेत नोझल लवकर वाळतात, तिथे तर हे आणखी गरजेचं.

म्हणून तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला 'चोवीस इंच' वाटत नाही, 'महिन्याला एखाद-दुसरा' हा वाटतो. दहा फोटो एकदम आणि नंतर महिन्याला एक, हे गणित मोठ्या घरगुती प्रिंटरचं नाही. ते लॅबचं आहे. घरी छापलेला फोटो स्वस्त पडतो हा समज मी पुष्कळांकडून ऐकतो. फोटो सतत निघत असतील तर तो काही अंशी खराही ठरतो. पण त्या हिशेबात नळ्यांमध्ये पहिल्यांदा भरली जाणारी शाई, क्लीनिंगमध्ये गेलेली शाई, फसलेले कागद आणि दोनदा केलेला प्रयोग कुणीच धरत नाही. पैसे वाचावेत म्हणून घरी प्रिंटर घेऊ नका. तो घ्यायचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतो.

त्याआधी रुंदी. 'एकदाच मोठा' हे वाक्य फ्रिज घेताना ठीक आहे. इथे आधी भिंत बघा. चार ए-फोर कागद जोडून चिकटवले की ए-टू होतो, म्हणजे साधारण साडेसोळा बाय साडेतेवीस इंच. १७ इंची प्रिंटरची ही हद्द. १३ इंची प्रिंटर १३ बाय १९ इंचांपर्यंतचा ए-थ्री प्लस कागद घेतो. २४ बाय ३६ इंचांसाठी कागद आणखी जोडावे लागतील. असे तीन आकार करून तुमच्या दहा जागांवर चिकटटेपने लावा आणि आठवडाभर तसेच ठेवा. रोज येता-जाता बघा. माझा अंदाज असा की दहांपैकी दोन, फार तर तीन जागा सर्वांत मोठा आकार मागतील. पॅसेजमध्ये, टेबलाशेजारी, पलंगाच्या बाजूला माणूस हातभर अंतरावर उभा असतो. तिथे ए-थ्री प्लससुद्धा भरगच्च वाटतो, वर फ्रेम आणि माउंटची पट्टी धरली तर आणखीच.

पिक्सेलची काळजी मात्र सोडा. तुमची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. १९ इंच लांबीवर पसरली तर इंचाला ३१५ पिक्सेल मिळतात, ए-टूवर सुमारे २५६, आणि ३६ इंचांवर १६६. एक मीटरवरून बघणाऱ्या डोळ्याला इंचाला नव्वदच्या आसपास पुरतात. तेव्हा २४ मेगापिक्सेल कुठेच कमी पडत नाहीत. अपवाद एकच, पक्ष्यांचे फोटो काढणारे जिथे हमखास फसतात तो. लांबच्या पक्ष्याला जवळ आणायला फ्रेम दोन्ही बाजूंनी निम्मी कापली की चोवीसचे सहाच मेगापिक्सेल उरतात. तो फोटो ए-थ्री प्लसवर काढला की पिसं मेणासारखी गुळगुळीत दिसू लागतात. आणि प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० बाय १४४० वगैरे जे लिहिलेलं असतं, तो थेंब टाकण्याच्या अचूकतेचा हिशेब झाला. त्याची सांगड तुमच्या फाइलच्या पिक्सेलशी घालू नका.

पॅनोरमासाठी तर रुंद मशीन लागतच नाही. लागते ती लांबी. फोटो एकास तीन या प्रमाणात असेल तर १३ इंच उंच आणि ३९ इंच लांब, म्हणजे जवळजवळ एक मीटर. कॅनॉनचा १३ इंची प्रो-३०० इतका लांब कागद घेतो. एप्सनच्या पी-७००मध्ये रोल लावायची सोय मुळातच आहे. त्याच्या १७ इंची भावाला, पी-९००ला, रोलची जोडणी वेगळी घ्यावी लागते. तळ्याचा फोटो बघून तुम्हाला २४ इंचांचा मोह पडला असेल तर तो इथे उतरायला हरकत नाही.

ऑफिसातल्या त्या प्रिंटरबद्दल मला एकच भीती आहे. तो फोटो प्रिंटर आहे का? ऑफिसांमध्ये असलेले २४ इंची प्रिंटर पुष्कळदा नकाशे आणि बांधकामाची ड्रॉइंग काढायचे प्लॉटर असतात. चार शाया, रेघा धारदार, पण चेहऱ्यावरचा उतरता उजेड किंवा संध्याकाळचं आकाश काढायला सांगा, ठिपके आणि पट्टे दिसतील. शाईचे खण मोजा. चारच असतील तर विषय तिथेच संपला. आठ-दहा-बारा असतील तर विचारा की शेवटचं प्रिंट कधी काढलं, कार्ट्रिजवरची मुदत कधीची आहे, टाकाऊ शाईची टाकी किती भरलीय. आणि तुमच्या डोळ्यांदेखत नोझल चेक काढायला सांगा. 'आता कनेक्शन काढून ठेवलंय, पण मशीन एकदम चालू कंडिशनमध्ये आहे' असं उत्तर आलं तर मी तरी पुढे जाणार नाही. जिना अख्खा आला तरी वजन विसरू नका. स्टँडसकट ही मशीनं साठ-सत्तर किलोपासून शंभराच्या पुढेही जातात. नळ्यांत शाई असताना ती कशीही आडवीतिडवी करून चालत नाही. कंपनीने सांगितलेली पूर्वतयारी करूनच हलवावी लागतात. तुलनेसाठी सांगतो, १७ इंचांमध्ये पी-९०० साधारण पंधरा किलोचा आहे, एकटा माणूस उचलू शकतो. प्रो-१००० बत्तीसच्या आसपास, त्याला दोघं हवेत.

'जितके जास्त रंग तितका चांगला' हेही जरा सोडवून बघू. प्रो-१०००मध्ये बारा शाया आहेत. त्यातली एक, क्रोमा ऑप्टिमायझर, बिनरंगी आहे. ग्लॉसी कागदावरची चमक सगळीकडे सारखी दिसावी म्हणून ती वरून दिली जाते. काळ्या दोन, एक ग्लॉसी कागदांसाठी आणि एक मॅटसाठी. एका फोटोत सहसा एकच लागते. करड्या दोन आहेत, त्या कृष्णधवल फोटोंसाठी सोन्याच्या. कारण राखाडी रंग निळा-पिवळा-गुलाबी मिसळून बनवला की त्याला कुठली तरी झाक येतेच. फिका निळा आणि फिका गुलाबी त्वचेच्या आणि आकाशाच्या हलक्या छटा गुळगुळीत करतात. लाल आणि निळा रंगांची मजल थोडी वाढवतात. पी-९००मध्ये दहा आहेत, त्यात लाल-निळ्याच्या जागी जांभळा. दहा आणि बारांतला फरक भिंतीवर टांगलेल्या फोटोत मला तरी ओळखता येत नाही. जुना प्रिंटर घेणार असाल तर या दोन काळ्यांबद्दल जरूर विचारा. एप्सनच्या आधीच्या कित्येक मॉडेलांत दोघींना हेडमध्ये एकच वाट होती, त्यामुळे ग्लॉसीवरून मॅटवर जाताना दर वेळी शाई वाया जायची. पी-७०० आणि पी-९००मध्ये दोघींना स्वतंत्र जागा आहे.

आकड्यापेक्षा शाईची जात महत्त्वाची. डाय शाई पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली असते आणि कागदात मुरते. ग्लॉसी कागदावर ती फार सुंदर दिसते, रंग रसरशीत येतात, पण उजेड आणि हवेतला ओझोन यांच्यापुढे ती लवकर हार मानते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. ते कागदाच्या वरच्या थरावर बसतात आणि खूप जास्त टिकतात. उलट, नोझल तुंबवण्यातही तेच पुढे. अल्बम आणि भेट द्यायचे फोटो काढायचे तर डाय शाईचा प्रिंटर अजिबात वाईट नाही. कॅनॉनचा प्रो-२०० आठ डाय शायांवर चालतो. एप्सनचा बाटल्यांतून शाई भरायचा ईटी-८५५० ए-थ्री प्लसपर्यंत जातो आणि खर्चाला फार हलका आहे. तुम्हाला फोटो वर्षानुवर्षं हॉलमध्ये लावायचेत, म्हणून तुम्हाला मी पिगमेंट सांगेन. टिकाऊपणाचे आकडे बघाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्था नुसती शाई तपासत नाहीत, शाई आणि कागदाची जोडी तपासतात. उत्तम शाई भलत्याच कागदावर गेली तर ते आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

राहता राहिले १३ आणि १७. इथे लोक रुंदीच बघतात, मी कार्ट्रिजचा आकार बघायला सांगतो. प्रो-३००च्या दहा कार्ट्रिजमध्ये प्रत्येकी १४.४ मिलिलिटर शाई असते, सगळी मिळून १४४. पी-७००मध्ये दहा गुणिले २५. पी-९००मध्ये दहा गुणिले ५०, म्हणजे अर्धा लिटर. प्रो-१०००मध्ये बारा गुणिले ८०, जवळजवळ एक लिटर. कार्ट्रिज जितकं छोटं तितकी त्यातली शाई मिलिलिटरमागे सहसा महाग. म्हणून दर आठवड्याला मोठे फोटो छापणाऱ्या माणसाला १३ इंची प्रिंटर वरवर स्वस्त आणि आतून महाग पडतो. आणि महिन्याला एखादाच काढणाऱ्याला १७ इंची, कारण लिटरभर शाई क्लीनिंगच्या टाकीत जाताना बघत बसावं लागतं.

तर मग काय करायचं? घाईने काहीच घेऊ नका. तीन महिने प्रिंटर घरात आहे असं समजून वागा. दर आठवड्याला एक फोटो छापण्यायोग्य तयार करायचा. उजेड कमी केलेल्या मॉनिटरवर, शक्यतो दिवसा. लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मिळालं तर सॉफ्ट प्रूफ लावून, म्हणजे कागदावर रंग कसे उतरतील याचा अंदाज पडद्यावरच येतो. महिन्याअखेरीस चार फोटो एकत्र लॅबला द्या, आठ बाय दहाच्या छोट्या आकारात, आणि 'तुमच्याकडून काहीही करेक्शन करू नका' असं स्पष्ट लिहा. चारातला एखादा काळपट आला तर आता तुम्हाला कारण शोधता येईल, कारण बाकीचं सगळं जागच्या जागी असेल. ही कवायत करून बघायला सांगतोय ते तुमच्या चिकाटीवर शंका घेऊन नव्हे. वर्षानुवर्षं साठलेल्या फोटोंमधून दर आठवड्याला एक निवडणं हेच खरं कष्टाचं काम असतं. प्रिंटर ते करून देत नाही. तीन महिन्यांनी तुमच्याकडे दहा-बारा तयार फाइली असतील, म्हणजे भिंतीसाठीचे दहाही त्यातच निघतील. ते लॅबमधून हव्या त्या आकारात करून घ्या. त्यातला एखादा २४ बाय ३६ खुशाल करा.

तीन महिन्यांत पाचच फोटो तयार झाले, तर लॅबच बरी, आणि त्यात कमीपणा काही नाही. बारा झाले आणि तेराव्यासाठी हात शिवशिवत असतील, तर प्रिंटर घ्या. तुमच्या वर्णनावरून मला १३ इंची पिगमेंट प्रिंटर योग्य वाटतो, रोल किंवा लांब कागद घेणारा. दर महिन्याला ए-टूचे दोन-तीन तरी फोटो काढावेसे वाटतायत असं तीन महिन्यांत दिसलं, तर मधली पायरी गाळून थेट १७ इंची घ्या. टेबलावर जागा मोजताना मागची जागाही मोजा. जाड कागद सरळ वाटेने आत जातो आणि मागे हातभर मोकळं लागू शकतं.

आणि घरी प्रिंटर घ्यायचं ते कारण. एका संध्याकाळी मी धुक्यातल्या झाडाचा फोटो छापत होतो. पूर्ण फोटो न छापता त्यातली एक उभी पट्टी, पाच वेगवेगळ्या उजेडांत, एकाच कागदावर शेजारीशेजारी छापली. कागद खिडकीशी नेला, मग दिव्याखाली. पडद्यावर जी पट्टी मी नक्की निवडली असती ती कागदावर मरगळलेली दिसत होती. तिसरी, जी मला पडद्यावर भडक वाटली होती, तिच्यात खोडाच्या मागचं धुकं सुटं झालं होतं. दहा मिनिटांत दुसरा प्रयत्न, अर्ध्या तासात तिसरा. लॅबकडे यात तीन आठवडे जातात आणि तोवर पहिल्याचं काय खटकलं होतं तेच विसरायला होतं. हे जर तुम्हाला आवडलं तर प्रिंटर सायकलसारखा पडून राहणार नाही. हे कंटाळवाणं वाटलं तर यजमान बरोबर.

कागदाचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं पत्र होईल. पहिल्या वर्षी दोनच कागद ठेवा: एक लस्टर (मंद चमकीचा), एक मॅट कॉटन (बिनचमकीचा, सुती). दोन्हींची प्रोफाइल कागदाच्या कंपनीकडून घ्या. रंग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून सांभाळत असाल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं रंगनियंत्रण बंद करा. दोघांनीही एकाच फोटोवर हात चालवला की चेहरे लालभडक येतात, आणि लोक प्रिंटर परत करायला निघतात. लस्टरवर काढलेला फोटो निदान एक दिवस उघडा वाळू द्या. लगेच काचेमागे घातला तर आतून काचेवर धुरकट थर जमू शकतो.

ऑफिसवाल्यांना आजच नाही म्हणून कळवा, त्यांनाही दुसरं गिऱ्हाईक शोधायचं असेल. पॅनोरमा मात्र या तीन महिन्यांच्या कवायतीत घेऊ नका, तो शेवटाला ठेवा. प्रिंटर आला तर पहिला लांब कागद त्याचाच. नाही आला तर लॅबला द्या. काहीही झालं तरी तो लावायच्या दिवशी यजमानांना सुट्टी घ्यायला लावा. जवळजवळ मीटरभर लांब फ्रेम एकट्याने सरळ लागत नाही. एकाने धरायची आणि दुसऱ्याने लांब उभं राहून 'डावीकडून जरा वर' म्हणायचं.